युद्ध संपल्यावर माणसं गावी का परतत नाहीत?

लश्कर या आपल्या ग्वाल्हेरच्या भागातल्याच एका मुलीचा हा प्रश्न. ती भूगोलात एम.ए. करते आहे. तिने लिहिलंय: "काका, काबूल, अंगोलातलं लुआंडा, दक्षिण सुदानमधलं जुबा ही शहरं युद्ध चालू असताना वाढली हे समजतं, माणसं जीव वाचवायला आली. पण शांतता झाल्यावर ती परत का गेली नाहीत? उलट आणखी आली. आणि अशा शहरात नगररचनाकाराने नेमकं काय करायचं असतं?"

बाळा, मी नगररचनेत एकतीस वर्षं काढली. त्यातली बहुतेक ग्वाल्हेर-इंदूरकडच्या वस्त्या मोजण्यात आणि आखण्यात गेली, काही महिने काबूलमध्ये. ज्यांना सगळे "तात्पुरते" म्हणत होते अशीच माणसं मी आयुष्यभर मोजली. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी आपल्याच गल्ल्यांकडे बघ. दौलतराव शिंद्यांची फौज १८०३ मध्ये असई आणि लासवारीला इंग्रजांशी लढली आणि हरली. सुर्जी-अंजनगावच्या तहात गंगा-यमुनेच्या दुआबातला सुपीक मुलूख गेला. पाठोपाठ ग्वाल्हेरचा किल्लाही गेला, तो १८०५ च्या तहाने परत मिळाला. पुढची काही वर्षं ही फौज खंडणी वसूल करत राजपुतान्यात फिरत राहिली. मग १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला मैदानात तळ पडला आणि तो उठला नाही. उज्जैनची राजधानी इथे आली, आणि लष्कराच्या तळाचं नाव शहराला पडलं ते कायमचंच.

आता महाराज बाड्यावरून, म्हणजे लश्करच्या मुख्य चौकातून, कंपूकडे चालत जा आणि वाटेत नावं वाच. कंपू म्हणजे कवायती पलटण. जिन्सी म्हणजे तोफखान्याचा सरंजाम. हुजुरात म्हणजे खुद्द महाराजांचं घोडदळ. शिंदे की छावनीचा अर्थ सांगायला नको. आणि "चिटनीस की गोठ" मधला गोठ म्हणजे आपला मराठी गोट, सरदाराचा तळ. "शत्रूच्या गोटात" म्हणताना तू तोच शब्द वापरतेस. दोनशेहून अधिक वर्षं झाली, तंबू कधीच गेले, पण कुणाचा तंबू कुठे होता ते पोस्टमनला अजून माहीत आहे.

इथली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १८०९ साली ब्राउटन नावाचा एक इंग्रज अधिकारी या छावणीबरोबर फिरत होता. त्याने लिहून ठेवलंय की मुक्कामाच्या जागी सगळ्यांत आधी बिनीवाला, म्हणजे फौजेच्या पुढे जाऊन तळ आखणारा, पोचायचा आणि महाराजांच्या देवडीची जागा दाखवायला एक लहानसं पांढरं निशाण रोवायचा. मग वेगवेगळ्या बाजारांची निशाणं लागायची, दर वेळी त्याच क्रमाने, एकमेकांपासून त्याच दिशेला. दुकानांच्या दोन समांतर रांगा उभ्या राहायच्या आणि त्यांच्यामधून छावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा लांबच लांब रस्ता तयार व्हायचा. आज या माळावर, चार दिवसांनी पुढच्या, पण रस्ता तोच. म्हणजे छावणीला जमीन मिळाली त्याच्या कितीतरी आधी तिला नकाशा मिळालेला होता. लश्कर राहण्याजोगं शहर झालं याचं मोठं श्रेय मी त्या निशाणांना देतो. काबूलच्या डोंगरांवर हे निशाण रोवणारं कुणी नव्हतं.

आणि हेही लक्षात घे की छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त असत. सराफ, बनिये, हलवाई, तेली, भिस्ती, शिकलगार, घोड्यांना नाल ठोकणारे, आणि सगळ्यांची बायकामुलं. पगार फौजेला मिळायचा, पण तो दोन दिवसांत बाजारात उतरायचा. फौज थांबली म्हणून बाजार थांबला, आणि बाजार थांबला म्हणून आसपासच्या मुलखातून माणसं येऊ लागली. किल्ल्याच्या उत्तरेकडचं जुनं ग्वाल्हेर, जे शतकानुशतकं खरं शहर होतं, ते याच काळात ओसरलं. अंतर जेमतेम दोन मैलांचं. युद्धानंतर "शहर वाढतं" असं आपण सरसकट म्हणतो, प्रत्यक्षात जिथे पैसा आणि सत्ता मुक्काम करते तो भाग वाढतो, शेजारचा रिकामा होऊ शकतो.

आता हेच चित्र लुआंडात बघ. अंगोला ११ नोव्हेंबर १९७५ ला स्वतंत्र झाला आणि लगेच गृहयुद्धात ओढला गेला. ते एप्रिल २००२ मध्ये थांबलं. पोर्तुगिजांच्या काळातल्या १९७० च्या जनगणनेत लुआंडात पाच लाखांहून थोडी कमी माणसं होती. त्यानंतरची जनगणना थेट २०१४ मध्ये झाली, तेव्हा लुआंडा प्रांतात जवळजवळ ७० लाख भरली. देशाची एकूण लोकसंख्या होती सुमारे २ कोटी ५८ लाख. म्हणजे चारातला एक अंगोलन राजधानीच्या परिसरात. युद्ध संपताना सुमारे ४० लाख माणसं देशातल्या देशात विस्थापित होती. त्यातली पुष्कळ खरोखरच परत गेली, हे सांगायला हवं. तरीही लुआंडा वाढतच राहिलं.

परत जाण्यात अडचण काय होती? शेतांत सुरुंग पेरलेले. गावाकडचे पूल उडवलेले, म्हणजे भुईमूग पिकवला तरी बाजारात नेणार कसा? शाळा नाही, मास्तर नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे काळ. सत्तावीस वर्षं. वडील तिशीत गाव सोडून आले असतील तर आता साठीला टेकलेत. मुलगा शहरात जन्मला, त्याने कधी नांगर धरला नाही, तो मोबाइलची दुकानं आणि मोटारसायकलची टॅक्सी ओळखतो. त्याला तू "परत जा" म्हणतेस, पण तो तिथे कधी नव्हताच. शब्द आपण "परतणं" वापरतो, त्याच्या दृष्टीने ते नवं स्थलांतर आहे, तेही उलट्या दिशेचं.

निर्वासित छावण्यांमधून येणाऱ्यांचंही तेच. २००१ नंतर पाकिस्तान आणि इराणमधून अफगाण लोक परतू लागले, एकट्या २००२ मध्ये १८ लाखांहून जास्त. कागदावर ते "मायदेशी" परतले. पण पेशावर-कराचीत वीस वर्षं हमाली, गालिचे विणणं, बेकरीतली नोकरी यांवर जगलेला माणूस बामियानच्या डोंगरात जाऊन काय करणार? तो काबूलला उतरतो. तिथे मंत्रालयं उघडताहेत, परदेशी संस्थांना चौकीदार, ड्रायव्हर, दुभाषे हवेत, बांधकामं चालू आहेत. मदतीचा पैसा राजधानीत येतो आणि तिथेच फिरतो, दौलतरावांच्या फौजेच्या पगारासारखा. काबूलचा १९७८ चा विकास आराखडा २० लाख लोकांसाठी होता. मी तिथे होतो तोवर त्याच्या दुपटीवर माणसं राहत होती, आणि बहुसंख्य आराखड्याबाहेरच्या जमिनीवर.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर दिल्ली घे. १९४१ च्या जनगणनेत दिल्ली प्रांतात ९ लाख १८ हजार माणसं, १९५१ मध्ये १७ लाख ४४ हजार. वाढ सव्वाआठ लाखांची. त्यात फाळणीचे निर्वासित सुमारे ५ लाख. शिवाय याच काळात दिल्लीतले लाखो मुसलमान निघून गेले होते, ती जागाही भरून निघाली. तेव्हा उरलेले कोण? नव्या राजधानीच्या कचेऱ्यांत, बांधकामांवर, बाजारात काम शोधत आलेले, आणि इथेच जन्मलेले. परीक्षेत हा भाग नीट मांड: विस्थापित हा पहिला लोंढा, पण तो शहराला मोठी बाजारपेठ बनवतो, मग कामासाठी येणारे येतात, आणि दहा-पंधरा वर्षांत शहरातले जन्म या दोघांना मागे टाकतात. आलेले लोक तरुण असतात, म्हणून जन्म जास्त. हद्दवाढीने वाढणारा आकडा वेगळा काढायचा, ते तुला येतंच.

सगळीच शहरं वाढत नाहीत. बोस्नियाची राजधानी साराएव्होत युद्धाआधी, १९९१ ला, ३ लाख ६१ हजार माणसं होती, २०१३ ला २ लाख ७५ हजार. तिथले लोक परदेशी गेले आणि तिथेच रमले, जन्मदर आधीच कमी होता. वाढीचा नियम शोधताना हे शहर विसरू नकोस.

आता तुझा दुसरा प्रश्न, काय करायचं. इथे मी थोडा तापून लिहिणार आहे.

नोकरीच्या सुरुवातीला मला ग्वाल्हेरच्या स्वर्णरेखा नदीच्या काठची एक वस्ती मोजायला पाठवलं होतं. दुष्काळात आणि चंबळकडच्या मारामाऱ्यांत गाव सोडून आलेली कुटुंबं, बांबू आणि ताडपत्रीची घरं, मध्ये भरपूर मोकळी जागा. मी बारा फुटांचे रस्ते आणि नाल्या आखून नकाशा दिला. फाइल परत आली, वर शेरा होता, "वस्ती तात्पुरती, खर्च अनावश्यक." साहेब माझ्याशी चांगले वागायचे, समजावून म्हणाले, "अरे, ये तो दो साल में चले जाएँगे." वीस-बावीस वर्षांनी त्याच वस्तीत नाली टाकायचं काम आलं. ताडपत्रीच्या जागी विटा, विटांवर स्लॅब, स्लॅबवर दुसरा मजला. बारा फुटांच्या जागी चार फूट उरले होते. नाली घालायला आम्हाला लोकांच्या पायऱ्या फोडाव्या लागल्या. एक म्हातारी पायरीवर बसून राहिली आणि म्हणाली, "तब कहाँ थे?" तिला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तो नकाशा माझ्याकडे अजून आहे.

युद्धानंतरच्या शहरांत हेच हजारपटीने होतं. सरकारला मनापासून वाटत असतं की माणसं जातील. पाणी दिलं तर ती राहतील, म्हणून पाणी द्यायचं नाही. पण पाणी नसल्याने कुणी गेल्याचं मी पाहिलेलं नाही. ते महाग पाणी विकत घेतात. लुआंडाच्या मुसेकांत, म्हणजे तिथल्या लाल मातीवरच्या वस्त्यांत, टँकरवाला ज्याच्या अंगणात टाकी आहे त्याला पाणी विकतो, तो शेजाऱ्यांना बादलीने विकतो. नळ असलेल्या बंगल्यापेक्षा झोपडीतली बाई लिटरमागे कितीतरी पट जास्त मोजते. काबूलच्या उतारांवर मी दहा-अकरा वर्षांची पोरं पिवळे कॅन घेऊन चढताना पाहिली आहेत. घर जितकं वर, तितकी जमीन स्वस्त आणि पाणी महाग.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत, घरं अजून ताडपत्रीची असताना, रस्त्याची आणि नालीची रेघ आखून घ्यायची. घरं बांधायला सरकारकडे पैसा नसतो, हरकत नाही, माणसं घर स्वतः बांधतात. रस्ता मात्र त्यांना स्वतः बांधता येत नाही, कारण त्यासाठी प्रत्येकाने थोडी जागा सोडावी लागते आणि ते सांगायला कुणीतरी मधला लागतो. बिनीवाल्याचं काम ते हेच. इंदूरला जाशील तेव्हा अरण्य वस्ती पाहून ये. बाळकृष्ण दोशींनी आखलेली, सुमारे साडेसहा हजार भूखंडांची. पुष्कळ भूखंडांवर सुरुवातीला जोतं, न्हाणी-संडास आणि पाण्या-विजेची जोडणी एवढंच दिलं होतं. बाकी घर लोकांनी ऐपतीप्रमाणे चढवलं. ती काही युद्धाची वस्ती नव्हे, पण छावणीला शहर करायची हीच रीत आहे.

उलटं उदाहरण लुआंडाजवळचं किलांबा. शहरापासून तीसेक किलोमीटरवर चिनी ठेकेदारांनी बांधलेले रंगीत टॉवर, २०११ मध्ये उद्घाटन. किंमती अशा की मुसेकातलं कुणी पायरीही चढू शकत नव्हतं, आणि इमारती रिकाम्या उभ्या. पुढे सरकारने किंमती उतरवल्या तेव्हा भरल्या, त्याही नोकरदार मध्यमवर्गाने. आपल्याकडे ग्वाल्हेरजवळ तिघरा धरणाच्या बाजूला दिल्लीचा भार हलका करायला आखलेलं नवं शहर तू पाहिलंच आहेस. रस्ते आहेत, भूखंड आहेत, माणसं नाहीत. काम जिथे आहे तिथून माणूस हलत नाही.

रेघेनंतर कागद. मालकी हक्काचा भारी दस्तऐवज पहिल्याच दिवशी द्यायला जाऊ नये, त्यात वर्षं जातात आणि भांडणं पेटतात. "या जागेवरून तुला कुणी विनाचौकशी उठवणार नाही" एवढं सांगणारा साधा कागद पुरतो. मध्य प्रदेशाने १९८४ मध्ये शहरी भूमिहीनांना पट्टे देण्याचा कायदा केला. पट्टा हातात पडल्यावर वस्तीत पहिल्यांदा काय दिसतं सांगू? दारं. पोत्याच्या पडद्याच्या जागी लाकडी किंवा पत्र्याचं दार येतं, मग भिंत. मी काबूलमध्ये होतो तेव्हा नगरपालिका सफाईचा कर घ्यायची आणि त्याचं पुस्तक द्यायची, त्याला लोक सफाईच म्हणायचे. डोंगरावर बेकायदा राहणारा माणूसही ते पुस्तक फडक्यात गुंडाळून जपायचा, कारण सरकारने त्याचं दार मोजल्याचा त्याच्याकडे तोच पुरावा.

पण जुन्या मालकाचं काय? हा प्रश्न टाळता येत नाही. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांनी अख्खी रिकामी केली. १९७९ नंतर लोक आले आणि जे घर रिकामं दिसलं त्यात शिरले. १९८९ मध्ये खासगी मालकी पुन्हा मान्य झाली तेव्हा सरकारने १९७९ पूर्वीचे सगळे दावे रद्द ठरवले. शहर लवकर चालू झालं, आणि पुष्कळांवर कायमचा अन्याय झाला. बोस्नियाने १९९५ च्या डेटन करारात उलट मार्ग घेतला, घर मूळ मालकालाच परत. दोन लाखांहून जास्त घरं परत मिळालीही. पण अनेकांनी ती ताब्यात घेतली, विकली आणि जिथे विस्थापित होऊन गेले होते तिथेच नवं घर घेतलं. मला बोस्नियाचा मार्ग जास्त न्यायाचा वाटतो, तो दमवणारा असला तरी. माणसाला त्याचं घर द्यावं. तिथे राहायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं.

शेवटी मोजणी, कारण तुझ्या प्रबंधाचं निम्मं काम तेच आहे. अफगाणिस्तानात १९७९ नंतर जनगणना झालीच नाही, आणि तीही अर्धवट राहिली होती. अशा वेळी उपग्रहाच्या चित्रांवरून छपरं मोजतात, मग काही गल्ल्या निवडून घरटी माणसं मोजतात आणि गुणाकार करतात. त्यात छपराखाली एक कुटुंब की तीन हे प्रत्यक्ष दार ठोठावल्याशिवाय कळत नाही. शिधापत्रिकांवर विसंबू नको, एक माणूस गावातही लागतो आणि शहरातही.

आणि दार ठोठावल्यावर "तुम्ही परत जाणार का?" असं कधीही विचारू नकोस. सगळे हो म्हणतात. साठ वर्षं इथे काढलेला माणूसही हो म्हणतो, आणि ते खोटं नसतं. मला एका जुन्या सर्व्हेयरने दुसरा प्रश्न शिकवला होता, तो मी पुढे सगळीकडे वापरला: "घरातलं शेवटचं लग्न कुठून लागलं?" गावाहून लागलं असेल तर कुटुंब अजून तिथलं आहे. इथे गल्लीत मांडव पडला असेल, तर त्या घरासाठी नळाची जोडणी धरून चाल. काबूलमध्ये लग्नं हॉलमध्ये लागतात, तिथे हा प्रश्न चालेना. तेव्हा माझ्या दुभाष्याने, तो स्वतः पेशावरच्या छावणीत वाढलेला, तो बदलून दिला. तो विचारायचा, "तुमची माती कुठे होते?" पहिल्या घरातल्या म्हाताऱ्याने आम्हाला उत्तर दिलं नाही. त्याने हात धरून मागच्या उतारावर नेलं आणि दोन कबरी दाखवल्या, एक बायकोची, एक नातवाची. मी फॉर्मवर "कायम" या रकान्यात खूण केली.

पुढच्या आठवड्यात मी घरीच आहे. स्वर्णरेखेच्या वस्तीचा तो जुना नकाशा काढून ठेवतो, ये आणि फोटो काढून ने.